मुकादमाची गादी

२ मार्च

धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. उशीर म्हणजे थोडाथोडका नाही, सात वर्षं झाली. मधे दोनदा कागद काढला होता. एकदा पेनातली शाई वाळली होती, एकदा माझाच धीर वाळला. फोन केला असता, पण तुझा नंबर ताईने तेव्हाच वहीतून खोडला. नुसता खोडला नाही, कागद फाटेपर्यंत खोडला. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. पत्ता मात्र तिने राहू दिला. आणि मला फोनवर अर्धंच ऐकू येतं, उरलेलं मी मनाने भरतो आणि मग घोटाळे होतात. तेव्हा पत्रच बरं. तुझा पत्ता तोच आहे ना? बदलला असेल तर हे पत्र कोण वाचत असेल, या काळजीने मला आत्तापासूनच घाम फुटला आहे.

काम असं आहे, की आमच्याकडे एक ससा आहे. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेले, तेव्हा जिन्यात एक पेटी राहिली. मला वाटलं जुने बूट असतील. उघडली तर हा. ताई म्हणाली, जिन्यातलं जिन्यात ठेवायला मी काही दगड नाही, आणि त्याला घरात आणला. मी गादीला टाके घालायला बसलो की हा मागच्या पायांवर उभा राहून बघतो, मिशा हलवतो, आणि कामाला म्हणून हात लावत नाही. म्हणून तिने त्याचं नाव मुकादम ठेवलं.

आता आठ दिवस झाले, मुकादमाचे केस गळताहेत. माझी हयात कापसात गेली, पण एका अंगातून एवढा कापूस निघालेला मी पाहिला नाही. चहात केस, चष्म्यावर केस. आणि तो दिवसभर स्वतःला चाटतो, म्हणजे ते सगळं पोटात जात असणार. मांजर कसं खोकून गोळा बाहेर टाकतं, तसं हा काही करत नाही. मग ते जातं कुठे? खालचा किराणावाला म्हणतो, अननसाचा रस पाजा, केस विरघळतात. शेजारीण म्हणते, चमचाभर तेल पाजा. दोघं इतक्या खात्रीने बोलतात, की मला दोघांची भीती वाटते. मी आपल्या कामातली तारेची फणी त्याच्या पाठीवरून फिरवली, तर त्याने असा पाय आपटला की खालून किराणावाला ओरडला.

तू वीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढलीस. ताई म्हणाली, धाकटीला विचारा. आधी हे सगळं तीच करायची, दार लावून, ती आणि तो. आता तिच्याने वाकवत नाही, म्हणून माझ्याकडे आलं.

ताई बरी आहे. म्हणजे आहे तशी आहे.

तुझा,
दाजी


९ मार्च

दाजी, नमस्कार.

पाकिटावर तुमचं अक्षर बघितलं आणि होते तिथेच खाली बसले. तुम्ही स्वतःहून पत्र लिहिणारे नव्हे. मी फोडलं आणि आधी शेवट वाचला. ‘ताई बरी आहे’ हे वाचलं, मग उठून पाणी प्यायले, आणि मग पहिल्यापासून वाचलं. पुन्हा असं घाबरवू नका. पहिल्याच ओळीत लिहीत जा, सगळं ठीक आहे म्हणून.

ताईने ‘धाकटीला विचारा’ म्हटलं! सात वर्षांनी म्हटलं आणि सशासाठी म्हटलं. असू दे. मला तेवढंही पुरे.

आता मुकादमाचं ऐका. ती तारेची फणी आत्ताच्या आत्ता माळ्यावर टाका. सशाची कातडी ओल्या कागदासारखी असते, फाटते. मऊ ब्रश आणा, किंवा तोही नको, तळहात पाण्याने ओले करा आणि पाठीवरून केसांच्या दिशेने फिरवा. सुटलेले केस हाताला चिकटून येतात. रोज थोडं, दिवसातून दोनदा. अंघोळ मात्र घालू नका, तो भीतीनेच आजारी पडेल.

सशाला ओकता येत नाही, दाजी. परतीची वाट त्याला दिलेलीच नाही. आत गेलं ते पुढेच गेलं पाहिजे. केस तर तो बारा महिने गिळतो, त्याने काही होत नाही. पोट चालू असलं की केस आपसूक निघून जातात, पोट मंदावलं की तिथेच गोळा बसतो. म्हणून सगळी मदार वाळलेल्या गवतावर. मूठभर नाही, त्याच्या अंगाएवढा ढीग, सदा समोर. पाणी बाटलीतून नको, वाडग्यात ठेवा, ससे त्यातून जास्त पितात. पेटीतून मोकळा सोडा, पळू द्या. अननसाने केस विरघळत नाहीत, नुसती साखर पोटात जाते. तेल मुळीच नको. किराणावाल्याला सांगा, तू डाळ वीक.

रोज लेंड्या बघा. हसू नका. मोठ्या, गोल, कोरड्या असल्या की समजा सगळं ठीक. बारीक झाल्या, किंवा माळेतल्या मण्यांसारख्या केसाने एकमेकींना जोडलेल्या आल्या, तर गवत वाढवा आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. आणि खाणं थांबलं, लेंड्या थांबल्या, तर अर्धा दिवससुद्धा वाट बघायची नाही. सरळ डॉक्टर.

तो झोपतो कशावर, ते लिहा. ताईला म्हणावं, तुझ्या खोकल्याचंही लिही.

धाकटी


१२ मार्च

धाकटे,

हे पत्र मी टाकणार नाही. लिहायला बसलो तेव्हाच मला ते माहीत आहे. तरी लिहितो, कारण घरात बोलायला मुकादमच आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे.

तुझी ताई एकोणीस जानेवारीला गेली. सकाळी सात वाजता. मी चहा गाळत होतो.

छातीच होती. डॉक्टर म्हणाले, कापसाची धूळही असेल, वयही असेल. त्यांनी दोन्ही सांगितलं, पण मी पहिलंच घेऊन घरी आलो. सात वर्षांपूर्वी तू पुढच्या खोलीत तिला म्हणालीस, ‘हा माणूस तुझ्या छातीत कापूस भरून तुला मारणार.’ मी मागच्या खोलीत मशीनवर खोळ शिवत होतो. सुई बोटात गेली, तरी मी आवाज केला नाही. त्या एका वाक्यावरून तिने तुला घराबाहेर काढलं. माझ्यासाठी काढलं. आणि तुझं वाक्य शेवटी खरं ठरलं. आता तुला कळवायचं म्हणजे काय लिहायचं? की तू बरोबर होतीस, मी भरला कापूस?

तू विचारलंस, तो झोपतो कशावर. ती गेल्यावर मुकादम तिच्या उशीला टेकून बसायचा. गवताला तोंड लावायचा नाही. मी ती उशी कापली आणि त्याच्या मापाची लहानशी गादी शिवली. आतला कापूस तिनेच पिंजलेला. चारी कडांना दुहेरी टाका घातला, गिऱ्हाइकाला घालतो तसा. त्या गादीवर तो झोपला, तेव्हा कुठे खायला लागला. हे तुला कसं लिहू? लिहिलं तर तू विचारशील, मग ताई कशावर डोकं ठेवते?

आणखी एक कागद आहे. सुयांच्या डब्यात, सगळ्यात खाली. तो तुझा आहे. त्याचं तर मला लिहवतच नाही.


१३ मार्च

धाकटीस आशीर्वाद.

सगळं ठीक आहे. बघ, पहिल्या ओळीत लिहिलं.

तू सांगितलंस तसं चाललं आहे. तळहात ओले करून फिरवतो. पहिल्या दिवशी इतके केस निघाले, की मला वाटलं आता आत दुसरा, लहान मुकादम सापडणार. गवताचा ढीग ठेवला आहे. पाणी वाडग्यात. किराणावाल्याला तुझा निरोप दिला, तो म्हणाला, तुमच्या मेहुणीला म्हणावं डाळही महाग झाली आहे, तिचंही औषध सांगा. लेंड्या मी सकाळी वर्तमानपत्रावर पसरून चष्मा लावून बघतो. चौथी शिकलेल्या माणसाला यापेक्षा जास्त बातम्या कशाला पाहिजेत. बहुतेक मोठ्या आहेत. काल तीन जोडलेल्या होत्या. ते ठीक ना? रात्रभर मला त्या तीनच दिसत होत्या.

एक शंका आहे. ढुंगणापाशी केसांचा एक गुंता आहे, तो कात्रीने कापू का? माझा हात कात्रीला सरावलेला आहे, पण गिऱ्हाईक हलणारं आहे.

तो गवतावरच झोपतो.

ताईचा खोकला आता नाही.

दाजी


२१ मार्च

दाजी,

कात्री अजिबात लावू नका. गुंता बोटांनी, थोडा थोडा, उलगडा. कातडी गुंत्यात ओढली जाते आणि कात्रीला केस कुठला, कातडी कुठली ते कळत नाही. तीन लेंड्या जोडलेल्या आल्या तर घाबरू नका, बाहेर आल्या हे महत्त्वाचं.

गवतावर झोपतो हे वाचून बरं वाटलं. मी मुद्दाम विचारलं होतं. तुमच्या घरात कापूस, चिंध्या, दोरे, आणि सशाचे दात रिकामे बसत नाहीत. आमच्या दवाखान्यात एकाने उशी कुरतडली होती. केस निदान पुढे सरकतात, पण कापूस पाण्याने फुगतो आणि आतड्यात बूच बसल्यासारखा बसतो. तेव्हा गादी, उशी, गालिचा काही म्हणजे काही त्याच्या जवळ नको.

माझा गुडघा प्लास्टरमध्ये आहे. दवाखान्याच्या पायरीवरून पडले, या वयात शोभतं का! दहा एप्रिलला सुटेल. मग मी तिकडे येणार. बोलावलं नाही तरी येणार.

आता, दाजी, इथून पुढचं पान ताईला द्या. तुम्ही वाचू नका.

ताई,

सात वर्षं मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडले आणि दर वेळी हरले. मी दाजींबद्दल जे बोलले ते बोलायला नको होतं. मला तेव्हा तुझ्या खोकल्याची भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी कोणाच्या तरी अंगावर जाते. आई म्हणायची, धाकटी रडायच्या ऐवजी चावते. ते आतल्या खोलीत होते, हे मला बाहेर पडताना चपला घालताना कळलं. मशीन थांबलेलं होतं. त्यांना सांग. नाहीतर नको सांगू, मी येऊन सांगते.

खोकला गेला असं दाजी लिहितात. चाळीस वर्षांचा खोकला असा जातो? खरं सांग. तुला लिहायला त्रास होत असेल तर नको, पण एक ओळ लिही. फक्त एक, तुझ्या हातची. काहीही लिही, शिवी लिही. दाजींचं अक्षर बघून मला तू दिसत नाहीस.

तुझी
धाकटी


२७ मार्च

धाकटे,

सगळं ठीक नाही. पहिल्या ओळीत लिहितो. बसून वाच, गुडघा सांभाळ.

तुझी ताई एकोणीस जानेवारीला गेली. मी तुझ्याशी खोटं बोललो. ती बरी आहे हे खोटं, तिने विचारायला सांगितलं हे खोटं, मुकादम गवतावर झोपतो हेसुद्धा खोटं. तिच्या नावचं पान मी वाचलं, कारण ते वाचायला दुसरं कोणी नव्हतं.

तुझं पत्र सोमवारी दुपारी आलं. उशीचं वाचलं आणि मी पेटीतली गादी उचलली. ती गादी मी तिच्या उशीची शिवली होती. वरून नीट होती. उलटी केली, तर खालच्या कोपऱ्यातला टाका उसवलेला, आणि आतला अर्धा कापूस गेलेला. रोज वर्तमानपत्रावर लेंड्या मोजत होतो आणि गादी एकदा उलटी करून बघितली नाही. मी, गादीवाला! दोन दिवस लेंड्या बारीक येत होत्या, मी केसांना दोष देत होतो. त्या सकाळी एकही नव्हती. गवत जसंच्या तसं. तो कोपऱ्यात पाठ वर काढून बसला होता आणि दात खात होता.

कोटात गुंडाळून दवाखान्यात नेला. डॉक्टरीण लहान वयाची आहे, पण हात तुझ्यासारखे, न घाबरणारे. तिने पोट चाचपलं आणि विचारलं, केसांशिवाय काय खाल्लंय? मी म्हटलं, गवत. ती म्हणाली, ‘काका, खरं सांगा. काय खाल्लंय ते कळलं नाही तर मी चुकीचं औषध देईन आणि तो मरेल.’

मी म्हटलं, उशी.

‘कोणाची?’

‘बायकोची.’

ती लिहिता लिहिता सहज म्हणाली, ‘मग काकू कशावर झोपतात?’ तिला वाटलं, मी ओशाळलो आहे, थोडी गंमत करावी.

मी म्हटलं, ‘ती गेली. जानेवारीत.’ धाकटे, हे मी तोंडाने तेव्हा पहिल्यांदा बोललो. इथल्या लोकांनी पाहिलंच होतं, त्यांना सांगावं लागलं नव्हतं. डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. मुकादम मधे टेबलावर. मी त्याचे कान धरून उभा होतो, का ते माहीत नाही.

पोटाचा एक्स-रे फोटो काढला. बूच पूर्ण बसलेलं नाही, असं ती म्हणाली. सुईने कातडीखाली पाणी दिलं, दुखण्याचं औषध दिलं, आणि मग बिनसुईच्या पिचकारीने गवताची पेज तोंडात. त्याला तिथेच ठेवून घेतला. मी दवाखान्याच्या बाकावर बसून असतो, घरी बसवत नाही. आज सकाळी चार लेंड्या आल्या. बारीक, आणि चारी एका पांढऱ्या धाग्यात ओवलेल्या. डॉक्टरीण म्हणाली, अजून धोका आहे, आशा धरू नका आणि सोडूही नका. आयुष्यात हजारो गाद्या भरल्या, कधी एवढं बघत बसलो नाही. तो तुझ्या ताईने पिंजलेला कापूस होता.

आता मुख्य सांगतो. हे सांगितलं नाही तर वरचं सगळं सांगूनही मी खोटाच.

आठ जानेवारीला तिने कागद मागितला. मी म्हटलं, सांग, लिहून घेतो. ती म्हणाली, तुमच्या अक्षराने धाकटी घाबरेल. मापाची फळी मांडीवर घेतली आणि स्वतः लिहिलं. मग मला म्हणाली, आजच टाका. मी खाली गेलो, टपालपेटीपर्यंत गेलो, आणि कागद खिशात घेऊन परत आलो. मला वाटलं, तू येशील, तिला असं बघशील, आणि माझ्याकडे बघशील. बोलणार काही नाहीस, नुसती बघशील. ते मला सोसलं नसतं. तिला मी सांगितलं, टाकलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, पोचलं असेल का? मी म्हटलं, असेल. तिसऱ्या दिवशी म्हणाली, निघाली असेल का? मी म्हटलं, निघाली असेल. अकरा दिवस, धाकटे. जिन्यात पावलं वाजली की ती त्या उशीवरून मान उचलायची. पावलं वर निघून गेली की परत ठेवायची. शेवटी म्हणाली, तिचा राग माझ्यासारखाच आहे, जाऊ दे. तू रागावली आहेस असं समजून ती गेली. तू रागावली नव्हतीस, तुला माहीतच नव्हतं. हे मी केलं. कापसाचं डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत, पण हे मी केलं.

तू तिच्या हातची एक ओळ मागितलीस. ती माझ्याकडे आधीपासून होती. सोबत ठेवली आहे. घडीवर गंजाचा डाग आहे तो डब्यातल्या सुयांचा. अक्षर उतरत गेलं आहे, शेवटचं तुला वाचता येणार नाही, म्हणून इथे लिहून देतो:

‘धाकटे, ये. मी रागावलेली नाही. उन्हाळा लागला की मुकादमाचे केस गळतात, ते ह्यांना एकट्याला जमायचं नाही. तेव्हा तरी ये.’

सशाचं विचारायला तिने सांगितलं, हे मी खोटं म्हणून लिहिलं होतं. काल हा कागद पुन्हा वाचला तेव्हा कळलं, तेवढं एक खरं निघालं.

दहा तारखेला तू यावंस असं म्हणायला मला तोंड नाही. आलीस तर दार उघडं आहे, आणि काय बोलायचं ते समोर बोल, मी मागच्या खोलीत जाणार नाही. नाही आलीस तरी मुकादमाचं औषध मी चालू ठेवीन.

माझा पत्ता लिहून, तिकीट लावून एक पाकीट सोबत घातलं आहे. हवं तर कोरंच परत टाक. पण लवकर टाक. पोचलं एवढं तरी कळू दे. हल्ली जिन्यात पावलं वाजली की मीच मान उचलतो.

दाजी